गोल दिसेपर्यंत

"अजून खाली उजवीकडे जराशी दबलेलीच दिसतेय," मास्तर म्हणाली आणि गालाशी धरलेली एअर रायफल तिने अलगद समोरच्या टेबलावर टेकवली.

मिस्त्री पुढे झाला. नळीच्या टोकाशी असलेला बारका स्क्रू त्याने सैल केला, आतली पत्र्याची रिंग चिमटीत धरून बाहेर काढली आणि खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली. नखाएवढी चकती, तिच्या मधे भोक. त्या भोकातून नेमबाजाला समोरच्या कार्डावरचं काळं वर्तुळ दिसतं, आणि काळ्याभोवतीची पांढरी पट्टी सगळीकडून सारखी दिसली की चाप ओढायचा, एवढाच सगळा खेळ. पण मास्तरला ती पट्टी सारखी दिसत नव्हती. तिच्या म्हणण्याप्रमाणे रिंग एका अंगाला आत दबली होती. मिस्त्रीने खिशातली बारीक कानस काढली, भोकाच्या कडेवर सांगितलेल्या जागी हलक्या हाताने फिरवली, फुंकर मारली आणि रिंग परत बसवली. मग तो टार्गेटकडे पाठ करून स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बोल."

मास्तर म्हणजे त्याची बायको. शर्ट शिवायच्या कारखान्यात ती कापडाचे थरच्या थर कापायची. त्या कामावरच्या माणसाला मास्तर म्हणतात, मग ती बाई का असेना. कारखान्यातलं ते नाव कधीतरी घरी आलं आणि घरातलंच होऊन गेलं. तो स्वतः या नेमबाजी क्लबच्या मागच्या खोलीत सभासदांच्या बंदुका दुरुस्त करायचा, म्हणून तो मिस्त्री. यांच्या घराच्या भिंतीसुद्धा ओळंब्यात असतील, अशी क्लबात चेष्टा चालायची. तसं काही नव्हतं. भिंतींना ओल होती आणि स्वयंपाकघराचा ओटा एका बाजूला उतरता होता. पण दारं मात्र एकही कुरकुरत नव्हती, कारण मिस्त्रीचे हात स्वस्थ बसणारे नव्हते.

हे हातांचं प्रकरण सगळ्या नात्यागोत्यात बदनाम होतं. कुणाच्या लग्नाला गेला तर हा जेवणाच्या पंगतीत खुर्चीचा ढिला पाय आवळत बसायचा. मुलगी सासरी गेल्यावर पहिल्यांदा तिच्या घरी गेला, तर चहा येईपर्यंत बाही वर करून न्हाणीघरातला गळका नळ खोलून बसला होता. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्याही मात्र खूश, कारण तो नळ गेली दोन वर्षं गळत होता. "यांना बसवायचं असेल तर काहीतरी मोडकं समोर ठेवा," असं मास्तर सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

बंदुकीच्या कामात मात्र त्याला शिस्त होती. कुणीही येऊन म्हणालं की नेम लागत नाही, तर तो आधी बंदूक टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळायचा आणि कुणाचाही डोळा मधे न आणता छर्रे मारून बघायचा. सगळे छर्रे एकाच भोकात गेले, तर बंदूक निर्दोष. नाही गेले, तर मग वॉशर बघ, स्प्रिंग बघ, दस्त्याचे स्क्रू आवळ, नळी पूस, छर्ऱ्यांचा डबा बदलून बघ. एवढं झालं की साइट, म्हणजे नेम धरायची जुळणी, लावायची, आणि ती लावताना त्याचा एक नियम होता. दुसऱ्याच्या बंदुकीत आपला डोळा घालायचा नाही. प्रत्येकाचा डोळा वेगळा, गाल वेगळा, मान वेगळी. आपण बघून साइट लावली, तर बंदूक आपल्याला बसते, गिऱ्हाईकाला नाही. म्हणून तो पाठ करून बसायचा, गिऱ्हाईक सांगेल तसे स्क्रू फिरवायचा आणि त्याच्या सांगण्यावर कधीही वाद घालायचा नाही.

मास्तर बंदुकीकडे आली ती त्याचा डबा द्यायला. तो काम आटपेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून तिने कुणाची तरी दुरुस्त झालेली रायफल उचलली आणि छर्रे असे काही एका जागी घातले, की क्लबचे सेक्रेटरी खोलीतून बाहेर आले. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. संघात जायची तिची संधी दोनदा अगदी एका जागेने हुकली होती. पुढच्या वर्षीपासून निवड नव्या मुलींमधूनच करायची, असं ठरत होतं. यंदाची निवड येत्या रविवारी होती. यंदा नाही तर मग कधीच नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हते.

तक्रार सुरू झाली ती थंडी सरताना. मास्तरचे छर्रे कधी नव्हे ते भरकटायला लागले. मिस्त्रीने बंदूक शिकंज्यात घातली, तर सगळे छर्रे एका भोकात. तरी त्याने वॉशर बदलला, दस्ता उतरवून परत बसवला, नळीतून फडकी ओढली. मग मास्तर म्हणाली की रिंग वाकडी दिसते. त्याने नवी रिंग घातली. तीही वाकडी. तिसरी, जाड पत्र्याची, दुसऱ्याच कारखान्याची घातली. तीही तिथेच, खाली उजवीकडे दबलेली.

"अहो, एकदा डोळे तपासून घेऊ का?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

मिस्त्रीने ते उडवून लावलं नाही, नीट विचार केला, आणि तिथेच त्याचं चुकलं. डोळे तपासले की चष्म्याचा नंबर बदलणार. मास्तरला लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. नंबर बदलला की साइट पहिल्यापासून, गालाची पट्टी पहिल्यापासून, सगळी घडी मोडणार, आणि ती परत बसायला महिने लागणार. निवडीच्या तोंडावर कुठला शहाणा नेमबाज चष्मा बदलतो? तिलाही ते पटलं. ती स्वतः नेमबाजच होती. रविवार होऊन जाऊ दे, असं दोघांनी ठरवलं. मग मिस्त्रीच्या डोक्यात ती युक्ती आली. भिंगामुळे रिंग आत दबलेली दिसते ना, तर आपण ती तिथे बाहेर घासू. वाकड्याला उलटं वाकडं करून सरळ करू. मास्तर हसली, पण पहिल्यांदा घासल्यावर तिने नेम धरला आणि म्हणाली, "अहो, गोल झाली की." त्या दिवशी तिने मारलेलं कार्ड मिस्त्रीने सेक्रेटरींना नेऊन दाखवलं होतं.

आज, रविवारच्या आदल्या दिवशी, पुन्हा तेच चाललं होतं. दोनदा रिंग काढून घासल्यावर पाठीमागून तिचा आवाज आला, "आता गोल आहे." मग एकेक छर्रा सुटत गेला आणि प्रत्येक वेळी कार्डाचा कोरडा टचटच आवाज आला. मिस्त्री वळला. कार्डाच्या मधोमध एकच मोठं भोक पडलं होतं. या कार्डावर तिची जागा कुणाचा बाप काढून घेऊ शकत नव्हता.

त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण घरी आल्यावर तो बसेना. आधी त्याने पंख्याचं रेग्युलेटर उघडलं, मग ते अर्धवट ठेवून कपाटाच्या बिजागरीला तेल घातलं, मग तेलाचा डबा कुठे ठेवला ते विसरला. एक गोष्ट त्याला टोचत होती. पत्रा एकदा घासला की घासला, तो रात्रीतून परत वाढत नाही. मग दर आठवड्याला थोडं जास्त का घासावं लागतंय? चष्मा तोच, बंदूक तीच, बाई तीच. रिंग एकदा गोल झाली, तर तिने गोलच राहायला हवं. मास्तर भाजी चिरत होती आणि तिच्या चकत्या नेहमीसारख्या एका मापाच्या पडत होत्या. तिने विचारलं, काय बिनसलंय. तो म्हणाला, काही नाही, उद्याची धाकधूक. मग स्वतःलाही त्याने हेच सांगितलं.

रविवारची निवड मोठ्या रेंजवर होती. दारात शिरताच एक लांब टेबल होतं आणि तिथे सगळ्यांच्या बंदुका तपासून घ्याव्या लागायच्या. तपासणाऱ्या बाई कापलेल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मास्तर आपलं जाड कातडी जाकीट चढवायला आत गेली आणि मिस्त्री बंदूक घेऊन रांगेत उभा राहिला. बाईंनी चापाला वजन लावून बघितलं, नळीची लांबी मोजली, आणि मग बंदूक डोळ्याशी नेली. क्षणभर तशीच धरून त्यांनी ती खाली घेतली आणि म्हणाल्या, "तुमची ही रिंग पडली का कुठे? पार बिघडलीय."

मिस्त्रीला हा प्रश्न हवाच होता. त्याने सगळं सांगितलं. चष्म्याचं, उलट्या घासण्याचं, कालच्या कार्डाचं. नियमात बसतं ना, एवढंच त्याने काळजीने विचारलं. नियमात काही अडत नाही, असं बाई म्हणाल्या. पण त्यांनी बंदुकीवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली नाही.

"तुम्ही स्वतः बघितलंत यातून?"

"मी दुसऱ्याच्या बंदुकीत बघत नाही."

"आता बघा."

मागे रांग होती. वाद घालायला जागा नव्हती. मिस्त्रीने बंदूक उचलली, बायकोच्या गालाच्या मापाने लावलेल्या पट्टीवर आपला गाल टेकवला आणि डोळा लावला. समोर रिंग दिसली. रिंग कसली, एका अंगाने सुजलेलं काहीतरी होतं, खाली उजवीकडे बाहेर आलेलं, मडक्याला टेंगूळ यावं तसं. हातात धरून बघताना हे एवढंसं वाटायचं. डोळ्यासमोर ते केवढं तरी मोठं झालं होतं. यातून नेम धरणं त्याला जन्मात जमलं नसतं.

"हे त्यांना गोल दिसतं?" बाईंनी विचारलं.

"एकदम गोल."

बाईंनी बंदूक त्याच्याकडून घेऊन बाजूला ठेवली आणि मागच्या माणसाला थांबायची खूण केली. मग त्या हळू आवाजात बोलल्या. त्यांच्या वडिलांना एकदा घरातली दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. "आम्ही सुताराला बोलावलं. सुताराने रंधा मारला, पाचर ठोकली, पैसे घेतले. चौकट सरळच होती हो. डोळ्याचा पडदा गेला होता. चष्मा नाही, पडदा. आम्हाला कळलं तोवर उशीर झाला होता." मग त्यांनी सांगितलं, की डोळ्यांच्या इस्पितळात रविवारीही कुणी ना कुणी असतंच. "मॅचनंतर नका जाऊ. आत्ता जा."

मिस्त्री आत गेला तेव्हा मास्तर भिंतीशी बाकावर बसली होती. जाकिटाचे पट्टे आवळलेले, डोळे मिटलेले, ओठ जरासे हलत होते. नेमाआधी ती असंच बसायची, श्वास मोजत. तिला या वेळी कुणी हाक मारायची नाही, हे घरात ठरलेलं होतं. तो शेजारी बसला. निवड व्हायला कितीसा वेळ लागणार होता? एवढे आठवडे गेले, त्यात एक सकाळ. न सांगता गप्प बसलं, तर ती आज नक्की निवडली जाणार होती, आणि संध्याकाळी सांगितलं असतं तरी कुणी त्याला बोल लावला नसता. पण आठवडे गेले ते त्याच्याच कानशीखाली गेले होते. प्रत्येक वेळी तिचा डोळा ओरडून सांगत होता आणि प्रत्येक वेळी त्याने त्याचं तोंड दाबलं होतं. घरात, कारखान्यात ती दोन्ही डोळ्यांनी बघायची, चांगला डोळा वाईटाला सांभाळून घ्यायचा. उजवा डोळा एकटा पडायचा तो फक्त बंदुकीपाशी, आणि तिथे मिस्त्री बसला होता.

"काय झालं?" मास्तरने डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही."

"मग बाक का हलतोय?"

त्याने खाली पाहिलं. बाकाच्या कडेला सुटलेला एक खिळा तो अंगठ्याने आत दाबत होता. त्याने हात मांडीखाली घातले आणि तिला सांगितलं. बाईंनी सांगितलं ते सगळं, चौकटीसकट, सुतारासकट.

समोर भिंतीत उंचावर हवेसाठी लोखंडी जाळी होती. मास्तरने डावा डोळा हाताने झाकला आणि जाळीकडे पाहिलं. मग उजवा झाकला. मग पुन्हा डावा. असं तिने बऱ्याचदा केलं. कापड कापण्याआधी दोऱ्याची दिशा बघताना ती जशी शांत असायची, तशीच ती आताही होती.

"मधे खड्डा पडलाय," ती म्हणाली. "सगळ्या सळ्या त्या खड्ड्यात वळल्यात." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे रिंग चांगली होती."

"पहिलीच चांगली होती. तिन्ही चांगल्या होत्या."

आतून नावं पुकारायला सुरुवात झाली. मास्तरने उठून दाराकडे पाहिलं. पलीकडे उजेडात कार्डं लावलेली दिसत होती, पांढरी, कोरी, मधे काळा ठिपका. मिस्त्रीला तिचा चेहरा बाजूने दिसत होता आणि त्या चेहऱ्यावर एवढी ओढ होती की त्याला बघवेना.

"एका तासाचा तर प्रश्न आहे हो."

"मला माहीत नाही गं, एका तासात काय होतं," मिस्त्री म्हणाला. "मला यातलं काहीच कळत नाही. आत्तापर्यंत मला वाटत होतं कळतं."

मास्तरने दाराकडे पाठ केली. मग तिने जाकिटाचा वरचा पट्टा सोडायला घेतला. ते जाकीट ताठ, जाड, एकट्याने उतरत नाही. मिस्त्रीने बाही धरली आणि तिने हात ओढून घेतला. दुसरा हात निघताना ती रडली, आवाज न करता. मग बाहीनेच डोळे पुसून म्हणाली, "जा, माझं नाव कापून या. मी चपला घालते."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, या दोघांच्या लेकीएवढ्याच. त्यांनी मास्तरच्या डोळ्यांत थेंब घातले, यंत्रापाशी बसवून कितीतरी वेळ आत पाहिलं. त्याआधी बारीक चौकटींचा एक कागद देऊन सांगितलं होतं, उजव्या डोळ्याने मधल्या ठिपक्याकडे बघा आणि रेघा जिथे वाकड्या दिसतील तिथे पेन्सिलने खूण करा. मास्तरने कटिंगची खूण करावी तशी स्वच्छ, न थरथरता रेघ काढली. ठिपक्याला लागून, एका अंगाला, टेंगळासारखी. मिस्त्री खुर्चीमागे उभा होता. निघताना बंदुकीतून काढून खिशात टाकलेली रिंग त्याने चाचपली, बाहेर काढली आणि कागदावर ठेवली. आकार तोच होता. बाजूही तीच.

डॉक्टरीणबाईंनी ती उचलून पाहिली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मिस्त्रीने सांगितलं. त्या सगळं ऐकत गेल्या, मधेच एकदा मास्तरकडे पाहिलं. पडद्याच्या मधोमध पाणी आणि रक्त झिरपलंय, असं त्या म्हणाल्या. फार जाड नंबर असलेल्या डोळ्यांना हे कधीकधी होतं. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, पहिलं उद्या सकाळीच. त्याने पसरायचं थांबतं. आता जेवढं आहे तेवढं टिकवायचं बघू.

"आणि गेलेलं?" मास्तरने विचारलं.

"ते किती दिवस झालेत त्यावर आहे. वाकडं दिसायला कधी लागलं?"

"झाले थोडे दिवस," मास्तर म्हणाली.

"थंडी सरताना," मिस्त्री म्हणाला. "मी रिंग बदलली तेव्हा. ती तेव्हाच म्हणाली होती डोळे तपासू. मी थांब म्हणालो."

"मीपण थांबले," मास्तर म्हणाली. ते डॉक्टरीणबाईंना होतं की त्याला, कळलं नाही.

 डॉक्टरीणबाईंनी रिंग कागदावर जशी होती तशी ठेवली आणि केसपेपर लिहायला घेतला. त्या रागावल्या असत्या, तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

बाहेर व्हरांड्यात दोघं बसली. थेंबांमुळे मास्तरला उजेड सोसत नव्हता, म्हणून तिने डोळ्यांवर पदर ओढून घेतला होता. तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन आला. त्यांनी आधी तब्येत विचारली, मग निकाल सांगितला. मिस्त्रीने फोन ठेवला. मास्तरने पदराआडून विचारलं, शेवटची जागा किती गुणांवर गेली. त्याने आकडा सांगितला. एवढे गुण ती आठवडाभर रोज मारत होती, एखाद्या दिवशी त्याहून जास्तच.

"म्हणजे मी गेले असते."

खोटं बोलावं, असं त्याला फार वाटलं. "हो," तो म्हणाला.

इंजेक्शनं झाली. लेक येऊन राहून गेली आणि जाताना बापाशी न बोलता गेली, मग गाडीत बसल्यावर फोन करून बोलली. मास्तर कारखान्यात जायला लागली. दोन डोळ्यांनी कापड कापायला अडचण नव्हती, कापायचं मशीन तिच्या हाताखाली होतं तसंच होतं. क्लबात मात्र ती परत गेली नाही. मिस्त्री जायचा. आता कुणी रिंगबद्दल तक्रार केली, की तो कानस न काढता आधी त्या माणसाला एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघायला लावायचा. सभासद हसायचे, मिस्त्रीला डॉक्टरकी सुचलीय म्हणायचे. त्याला हसू येत नव्हतं. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की झिरपणं थांबलंय, पण मधला भाग गेला तो गेला. मास्तरने मान हलवली आणि बाहेर येऊन रिक्षा थांबवली.

त्या दुपारी ती खिडकीशी खुर्चीवर बसली होती. मिस्त्री कधी मोरीचं झाकण उचलून बघायचा, कधी दाराची कडी लावून काढायचा. घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तो फिरत होता.

"जरा इकडे या," मास्तर म्हणाली. "समोर उभे राहा."

तो उभा राहिला. तिने डावा डोळा तळहाताने झाकला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. बराच वेळ. मिस्त्रीने विचारलं, काय दिसतंय.

"कान दिसतात. कॉलर दिसते. केस दिसतात, कापायला झालेत." ती थांबली. "मधे काही नाही."

 गेलेला भाग म्हणजे कार्डावरचं काळं वर्तुळ, असंच मिस्त्री आजवर समजत होता. तिथे आपला चेहरा असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याला वाटलं निघून जावं, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारावं. पण तिने हात वर केला.

"जाऊ नका. मी मान हलवत नाही, तुम्ही हला. तुमच्या डाव्या हाताला. अजून. एवढं नाही हो, जरासं मागे. आता खाली. गुडघे वाकवा थोडे."

तो ती सांगेल तसा सरकत गेला. एक पाय पलंगाला टेकला, एक हात कपाटाला.

"थांबा," मास्तर म्हणाली. "आता दिसताय. कडेकडेने, पण दिसताय." आणि मग, "नाक वाकडं दिसतंय."

"ते आहेच वाकडं."

तिला हसू आलं, पण डोळ्यावरचा हात तिने काढला नाही. ती बघत राहिली. मिस्त्रीच्या वाकवलेल्या गुडघ्यात कळ यायला लागली, कपाटावरचा हात घामाने निसटू लागला.

"अवघडलात?"

"नाही," मिस्त्री म्हणाला आणि तसाच, अर्धवट वाकून, न हलता उभा राहिला.